मक्यातला चकवा

“पैसे देऊन मक्याच्या शेतात हरवायचं? आणि ते पण रात्री?”

बाबांनी हा प्रश्न मला तीनदा विचारला. एकदा मी तिकिटं काढत होतो तेव्हा, एकदा गाडीत बसताना आणि एकदा शेताच्या फाटकापाशी, तिथली मुलगी आमच्या मनगटांवर कागदी पट्टे बांधत होती तेव्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी पुढे आणखी एक वाक्य जोडलं, “आणि आज सर्वपित्री अमावास्या आहे, हे तुझ्या लक्षात आहे ना?”

माझ्या लक्षात नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबस शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ऑक्टोबरातला शनिवार कळतो, तिथी कळत नाही. माझ्या सात वर्षांच्या लेकीला मात्र एवढंच ठाऊक होतं, की तिच्या वर्गातली निम्मी मुलं मक्याच्या भुलभुलैयात जाऊन आली आहेत आणि ती गेलेली नाही. म्हणून आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, लेक आणि बाबा, शहरापासून पाऊण तासावरच्या एका शेतावर येऊन उभे होतो. दुपारी पावसाची एक सर पडून गेली होती. पायाखाली चिखल होता, वर ढग होते आणि संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते.

थोडं मागचं सांगतो. आम्ही इंदूरचे. राजेंद्रनगरात आमचं घर आहे, बी.ई. मी इंदुरातच केलं आणि नोकरीच्या पाठोपाठ इकडे आलो, त्याला सहा वर्षं झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. ताई भोपाळला आणि मी इथे, त्यामुळे बाबा घरात एकटे राहिले. मे महिन्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. फार लागलं नाही, पण कामवाल्या मावशी येईपर्यंत दोन तास ते तिथेच बसून होते. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, तेही ताईकडून. त्यानंतर मी हट्टच धरला आणि जुलैत त्यांना इकडे घेऊन आलो. पाहुणा म्हणून त्यांना सहा महिने राहता येणार होतं. मुक्काम वाढवून मागण्याचा अर्ज मी सप्टेंबरातच भरून ठेवला होता. त्यांची सही तेवढी राहिली होती, आणि ती मागायचा धीर मला होत नव्हता.

कारण बाबा तक्रार करत नव्हते. पोळी कशीही झाली तरी छान म्हणायचे. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. आणि जो माणूस तक्रार करत नाही, त्याला काय हवंय हे विचारायचं आपण टाळतो.

आता या भुलभुलैयाविषयी. अमेरिकेत शरद ऋतू आला, की शेतांवर भोपळे विकायला मांडतात, गवताच्या गाठी रचलेल्या ट्रॉलीतून मुलांना फिरवतात आणि बऱ्याच ठिकाणी मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून त्यात लोकांना सोडतात. मला वाटत होतं, की ही इथली शे-दोनशे वर्षांची परंपरा असणार. तसं नाही. आजच्या पद्धतीचा पहिला मोठा भुलभुलैया 1993 साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल या गावी झाला. नाटकांच्या धंद्यातले डॉन फ्रँट्झ आणि इंग्लंडचे भुलभुलैयाकार एड्रियन फिशर या दोघांनी तो आखला. आकार होता डायनासोरचा. त्याच वर्षी मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना मोठा पूर आला होता आणि त्यात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी यातून पैसा उभा केला गेला. तिथून ही कल्पना देशभर पसरली. 2014 साली कॅलिफोर्नियातल्या डिक्सन गावी साठ एकरांचा भुलभुलैया केला होता, त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

यामागचं शेतीचं गणित सोपं आहे. या मक्याची पेरणी जरा उशिरा करतात, म्हणजे ऑक्टोबरातही ताटं उभी राहतात. पुष्कळदा ती आडवी आणि उभी अशी दोनदा करतात, म्हणजे भिंत दाट होते आणि ओळींमधून पलीकडचं दिसत नाही. मका गुडघ्याएवढा असतानाच आराखड्याप्रमाणे वाटा कापून घेतात. हल्ली हे काम जीपीएस लावलेल्या यंत्राने होतं. मग मका माणसाच्या डोक्यावरून जातो. शनिवार-रविवार लोकांकडून तिकिटाचे पैसे मिळतात आणि हंगाम संपला की उभं पीक कापून जनावरांच्या खाद्यासाठी जातंच. एकाच शेतात दोन पिकं.

हे सगळं मी बाबांना गाडीत सांगितलं होतं. शेवटचा मुद्दा त्यांना फार आवडला. “शेतकरी हुशार आहे,” ते म्हणाले, “याला मी कर्ज दिलं असतं.”

बाबा बँकेत होते. नोकरीची सुरुवातीची सहा वर्षं त्यांनी झाबुआ जिल्ह्यातल्या शाखांमध्ये काढली. झाबुआ म्हणजे भिलांचा मुलूख आणि मक्याचं माहेरघर. तिथे रोजची भाकरीच मक्याची. त्या काळातला स्टीलचा दोन सेलचा एव्हरेडी टॉर्च बाबांनी अजून जपून ठेवलाय आणि इकडे येताना तो बॅगेतून आणलाही होता. “अमेरिकेत वीज जात नाही, बाबा,” असं मी तेव्हा हसून म्हटलं होतं. आज तो त्यांच्या कोटाच्या खिशात होता. आम्हा बाकीच्यांकडे मोबाइलचे दिवे आणि लेकीच्या डोक्याला पट्टा लावून बांधलेला एलईडी.

आत शिरताना नियम सांगितले गेले. भिंतीतून घुसायचं नाही, कणसं तोडायची नाहीत, धूम्रपान अजिबात नाही. आत सहा ठिकाणी खांब आहेत, प्रत्येक खांबाला एक पंच बांधलाय, हातातल्या कार्डावर सहा भोकं पाडून बाहेर यायचं. मधोमध लाकडी पूल आहे, तिथे आमचा माणूस उभा असतो. दहा वाजता बंद.

बाबांनी आत पाय टाकताच पहिलं काम केलं, ते म्हणजे खाली पडलेलं एक कणीस उचललं, साल सोलली आणि दाण्यावर नख दाबून पाहिलं. नख उमटेना. “हा भुट्टा नाही,” ते म्हणाले, “हा वाळलेला दाणा आहे. याचा कीस होणार नाही.” इंदूरच्या माणसाचा मक्याविषयीचा पहिला आणि शेवटचा विचार हाच असतो. ते कणीस त्यांनी खिशात टाकलं. पडलेलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

पहिली दहा मिनिटं मजेत गेली. रात्री टॉर्च घेऊन मक्यात फिरणं हा दिवसापेक्षा अगदी वेगळा प्रकार आहे. दिवसा वर आकाश असतं, सूर्याची बाजू कळते. रात्री प्रकाशाचा झोत जेवढा पडेल तेवढंच जग. पानं अंगाला घासतात, वाऱ्याने सगळं शेत सळसळतं आणि ताटांच्या सावल्या आपल्याबरोबर चालतात. लेक किंचाळत पुढे पळत होती, आम्ही तिच्या मागे. तीन खांब सापडले, तीन भोकं पडली. मग एका तिठ्यावर आम्ही दुसऱ्यांदा आलो. आणि पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. भुलभुलैयाचा सर्वांत प्रसिद्ध नियम म्हणजे उजवा हात भिंतीला लावायचा आणि तो न सोडता चालत राहायचं. मी तसं सुरू केलं. बारा मिनिटांनी आम्ही पुन्हा त्याच तिठ्यावर.

चूक नियमाची नव्हती, माझी होती. हा नियम दारापासून पाळावा लागतो. प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची दोन्ही दारं बाहेरच्या कुंपणावर असतील, तर दारापासून धरलेली भिंत तुम्हाला बाहेर नेते. पण मी तो अर्ध्या वाटेत सुरू केला होता, आणि माझा हात ज्या भिंतीला लागला ती बाकीच्यांपासून सुटी असलेली, बेटासारखी भिंत होती. तिच्याभोवती तुम्ही जन्मभर फिरू शकता. यावर इलाजही कॉलेजात शिकलेला होता. एकोणिसाव्या शतकातल्या त्रेमो नावाच्या फ्रेंच माणसाची रीत अशी, की प्रत्येक फाट्यावर आपण ज्या वाटेने गेलो तिथे खूण करायची आणि दोन खुणा झालेल्या वाटेला पुन्हा जायचं नाही. यात बेटांचा त्रास होत नाही. आपण संगणकाला आलेख धुंडाळायला शिकवतो, त्यातली एक पद्धत जवळजवळ हीच आहे. मी खुणेसाठी पडलेली कणसं फाट्याफाट्यावर मांडू लागलो. मागून आलेल्या पोरांच्या एका टोळीने ती फुटबॉलसारखी उडवून लावली.

“बाबा, तू फार विचार करतोस,” लेक मला म्हणाली. “मला डावीकडे जायचंय.”

मला उजवीकडे जायचं होतं. उजवीकडे पुलावरचा कंदील दिसत होता. तेव्हा बाबा म्हणाले, “आम्ही आजोबा-नात डावीकडून जातो. तुम्ही दोघं उजवीकडून या. पुलावर भेटू.” पूल समोर दिसत असल्यामुळे मीही हो म्हटलं.

आम्ही पाच मिनिटांत पुलावर पोहोचलो. ते दोघं तिथे नव्हते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाबांच्या मोबाइलवर फोन लावला तेव्हा आठवलं, तो गाडीत चार्जिंगला लावलेला आहे.

पुलावरून सगळं शेत दिसत होतं, म्हणजे काळा चौकोन आणि त्यात इकडेतिकडे हलणारे तीसचाळीस पांढरे ठिपके. त्यातला आपला कोणता? पुलावरच्या मुलाला मी सांगितलं, की माझे वडील एकोणसत्तर वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी घेतात, सोबत लहान मूल आहे. तो शांतपणे म्हणाला, की इथे कुणी हरवत नाही, फक्त उशीर होतो, तरी मी बाकीच्यांना कळवतो. मला त्याचा शांतपणा सहन होईना. मी पुलावरून उतरलो आणि हाका मारत धावत सुटलो. चिखलात दोनदा घसरलो. एका वाटेच्या टोकाला भिंत, मागे फिर, दुसऱ्या टोकाला भिंत. डोक्यात एकच चित्र होतं, न्हाणीघरात भिंतीला टेकून बसलेले बाबा. आपण बारा हजारांहून जास्त किलोमीटरवरून त्यांना सुरक्षित राहावेत म्हणून आणलं आणि रात्रीच्या अंधारात, चिखलात, हातात नात देऊन सोडून दिलं.

बायकोने मला एका फाट्यावर गाठलं आणि दंड धरून उभं केलं. “दोन मिनिटं गप्प राहा,” ती म्हणाली. “आणि तो दिवा बंद कर.”

दिवा बंद केल्यावर आधी काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मी तर पाऊण तास डोळ्यांसमोर पांढरा झोत धरून फिरत होतो. मग हळूहळू मक्याचे शेंडे आकाशापासून वेगळे दिसू लागले. आणि त्या शेंड्यांवर, आमच्या डावीकडे, उजेड पडला. सरळ वर धरलेला उजेड. तीनदा लागला, विझला. आम्ही थांबलो. मिनिटभराने पुन्हा तीनदा.

तो उजेड पिवळा होता.

अख्ख्या शेतात पांढरे एलईडी होते. पिवळा, बल्बचा दिवा एकाच माणसाकडे होता, आणि गेली पंचवीस मिनिटं तो आम्हाला खूण करत होता. आम्हीच आपले दिवे पायाखाली धरून पळत होतो, त्यामुळे वर पाहायला कुणाला सवड नव्हती.

त्या उजेडाच्या रोखाने जाताना दोनदा वाट चुकली, पण आता दिशा माहीत होती. एका वळणापलीकडे आंधळी गल्ली होती, तिथे गवताच्या गाठीवर दोघं बसले होते. बाबांचा मफलर लेकीच्या गळ्यात होता. बाबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, “किती वेळ लावलास रे.”

लेक घाबरलेली नव्हती. उलट मलाच समजावू लागली, “आम्हाला चकवा लागला होता. चकवा लागला की चालायचं नाही. बसायचं. आजोबांनी सांगितलं.”

ते आजोबांनी तिला सांगितलेलं मग आम्हालाही ऐकायला मिळालं. 1984 सालचा पावसाळा. बाबा वसुलीच्या कामाने एका फळियात गेले होते, परतताना अंधार पडला आणि सायकल हातात धरून ते मक्यातल्या पायवाटेने निघाले. तासभर चालून पाहतात तो पुन्हा त्याच महुआच्या झाडाखाली. परत निघाले, परत तिथेच. शेवटी माळ्यावर बसून रखवाली करणाऱ्या एका म्हाताऱ्याने वरूनच ओरडून सांगितलं, की बाबूजी, बसून घ्या, चालाल तितके गोल फिराल. बाबा बसले. थोड्या वेळाने कुत्र्याचं भुंकणं कोणत्या बाजूने येतंय ते कळलं, मग ओढ्याचं पाणी ऐकू आलं, आणि त्या दोन आवाजांवरून ते सडकेला लागले. टॉर्च वर धरायचं त्या म्हाताऱ्यानेच शिकवलं होतं. खाली धरलेला दिवा फक्त आपल्याला उपयोगी, वर धरलेला शोधणाऱ्याला. सेल वाचवायचे म्हणून थांबून थांबून लावायचा.

आजीच्या गोष्टींतला चकवा आपल्याला ठाऊक असतो. रात्री एकट्या माणसाला भुलवून गोल गोल फिरवणारं भूत. भुताचं मी काही सांगू शकत नाही, पण गोल फिरणं खरं आहे. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना जर्मनीतल्या दाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडून, सरळ चालत राहा, एवढंच सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ चालले. ढग आले, चंद्र मावळला, की त्यांच्या वाटा वळू लागल्या आणि जंगलात तर ते आपलीच वाट ओलांडत गोल फिरले. त्यांना स्वतःला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. दिशेच्या अंदाजात प्रत्येक पावलाला किंचित चूक होते आणि बाहेरची खूण नसेल तर ती चूक साठत जाते. आमच्यावर त्या रात्री ढग होते आणि अमावास्या होती. म्हाताऱ्या भिलाने बाबांना जे सांगितलं, त्याला कोणता शास्त्रज्ञ नाही म्हणेल?

बाहेर पडलो तेव्हा पावणेदहा झाले होते. कार्डावर चारच भोकं होती. शेकोटीपाशी बाक मांडले होते. बायको आणि लेक गरम सायडर आणि डोनट आणायला गेल्या आणि आम्ही दोघं बसलो. बाबांनी बूट काढून शेकोटीकडे केले.

“तो अर्ज,” ते म्हणाले, “माझ्या मुक्कामाचा. तो पाठवू नकोस.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

“प्रिंटरवर राहिला होता. मला इंग्रजी वाचता येतं रे, छत्तीस वर्षं बँकेत होतो.”

मी एकदम बचावाला आलो. रक्तदाब, न्हाणीघर, दोन तास, ताईला रोज येता येत नाही, इथे डॉक्टर जवळ आहे. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फेब्रुवारीत तुझ्या आईचं वर्ष आहे. ते मला घरी करायचंय. तू इथल्या देवळातल्या गुरुजींशी बोललास, मला कळलं. पण ती या गावात कधी राहिली नाही.”

मला काही सुचेना. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मी तारखा मोजल्या होत्या, तिथी नव्हती मोजली.

“आणि वर्ष झालं की?” मी विचारलं. “मग तरी याल?”

“येईन की. पाहुणा म्हणून येईन. पण हे बघ, इथे तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगलं वागता. सूनबाई तर लेकीसारखं करते. तरी इथे मला दूध आणायला जायचं म्हटलं तर कुणी तरी गाडीने न्यावं लागतं. केस कापायचे तर तुझा शनिवार बघावा लागतो. तिथे सकाळी उठलो की मला माहीत असतं, आधी बाग, मग कोपऱ्यावर पोहे, मग वाचनालय, मग पेन्शनवाल्यांचा कट्टा. तिथे मी एकटा आहे, ते खरंय. रात्री घर खायला उठतं, तेही खरंय. पण पाय चालतात तोवर मला आपल्या पायांनी चालायचंय.”

“आणि पडलात तर?”

“तर मग काय करायचं ते ठरवू की दोघं मिळून. तू एकट्याने ठरवून टाकलंस आणि मला सहीपुरता विचारणार होतास.” हे म्हणताना ते रागावले नव्हते. बँकेत एखाद्या कर्जदाराच्या कागदातली चूक दाखवावी, तसं बोलत होते.

खरं सांगायचं तर, त्यांच्या काळजीपेक्षा माझी स्वतःची भीतीच त्या अर्जात जास्त होती. आई गेली तेव्हा मी विमानात होतो. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवू पाहत होतो. हे मी त्यांना त्या रात्री सांगितलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिकडून लेक डोनट घेऊन पळत येईपर्यंत तसाच राहू दिला.

अर्ज मी फाडून टाकला. त्याऐवजी आम्ही एक कागद घेऊन यादी केली, दोघांनी मिळून. न्हाणीघरात धरायला दांडे आणि खाली खरखरीत फरशी. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. वरची खोली कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांना भाड्याने, म्हणजे रात्री घरात माणसं असतील. सकाळी आठला बाबांनी मला एक फोन करायचा, बोलायला काही नसलं तरी. आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत तो आला नाही तर मी काकूंना फोन करणार. फोन बाबांनी करायचा, मी नाही, ही अट त्यांची. आणि मी दर वर्षी पावसाळ्यात सहा आठवडे इंदूरहून काम करायचं, ही माझी. त्यासाठी ऑफिसात दोन महिने वाद घातला, पण झालं.

डिसेंबरच्या शेवटी बाबा परत गेले. फेब्रुवारीत आम्ही सगळे गेलो आणि आईचं वर्ष राजेंद्रनगरच्या घरात झालं. त्यानंतर ते एकदा पडलेही, घरात नाही, बाजारात. मनगटाला प्लास्टर लागलं. त्या दिवशी सकाळी आठचा फोन वेळेवर आला आणि त्यांनी हे हवापाण्यासारखं सांगितलं. मला पुन्हा सगळा अर्ज आठवला. अजूनही कधी कधी आठवतो. आपला निर्णय बरोबर होता, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तो त्यांचा होता, एवढं म्हणू शकतो.

आपल्या मंडळातल्या किती तरी घरांत हा प्रश्न आहे. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, आणि आई-वडील रामबागेत, सुदामानगरात नाही तर आमच्या राजेंद्रनगरात. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असणार. कुणाचे आई-वडील मुलांकडे आनंदाने रमतातही. मी फक्त एवढंच सांगेन, की उत्तर शोधत धावण्याआधी जरा थांबून त्यांनाच विचारा. ते कदाचित केव्हापासून खूण करत असतील.

गेल्या ऑगस्टात मी इंदूरला होतो. बाबांनी बाजारातून कोवळे भुट्टे आणले, प्रत्येकाच्या दाण्याला नख लावून पाहिलेले. ते किसत बसले आणि मी कढईपाशी उभा राहिलो. तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग कीस आणि मग दूध. आई दूध अंदाजाने घालायची आणि तो अंदाज तिच्याबरोबर गेला. आमचा कीस पातळ झाला. बाबा म्हणाले, “आटव अजून.” आम्ही तो आटवत राहिलो. वर खोबरं-कोथिंबीर घालून ताटलीत वाढला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

खाताना मी पाहिलं, देवघराच्या कोनाड्यात ओहायोचं ते वाळलेलं कणीस ठेवलेलं आहे. टॉर्च त्याच्या शेजारी.

“सेल नवे घातलेत,” बाबा म्हणाले.